"फी घेऊन नुसता नकाशा दिला" या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या आर्किटेक्ट ऑफिसला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की नकाशाची फी घेतल्यावर आरसीसीचे, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याच्या डिझाइनचे, पैसे वेगळे मागितले, साइटवर आम्ही चारच वेळा आलो आणि साइटवर बांधायला लागणारं वर्किंग ड्रॉइंग तीन आठवडे उशिरा दिलं. त्यापेक्षा ठेकेदाराने प्लॅन फुकटात काढून दिला असता, असंही.

उशीर झाला, चूक आमचीच. जिन्याचं ड्रॉइंग दोनदा फसलं. लँडिंगखाली बीम डोक्याला लागत होता, आणि तो आमच्याआधी तुमच्या गवंड्याच्या लक्षात आला. माफी मागतो.

आरसीसीचं असं की घर कसं असावं हे आर्किटेक्ट ठरवतो, पण कॉलमला सळई किती आणि त्याच्या पायाचं फुटिंग केवढं हे स्ट्रक्चरल इंजिनिअरचं काम. माणूस वेगळा, सही वेगळी, फी वेगळी. प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर हे होतं, पण तोंडाने कोणी सांगितलं नाही, आणि दुसरं पान वाचतं कोण! आता पहिल्याच भेटीत सांगतो.

ते पैसे वाया गेले हे मात्र मला पटत नाही. तुमच्या प्लॉटवर खड्डा घेतला तो दिवस आठवा. ठेकेदार चार फुटांवर फुटिंग टाकायला निघाला होता. तिथे काळी मातीच होती, मुठीत दाबली की गोळा व्हायची. मुरूम लागला साडेपाच फुटांवर. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरच्या भिंती तिच्याबरोबर तडकतात. कॉलमच्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हूकही काटकोनात मारले होते, ते १३५ अंशांत आत वळवायला लावले. तुमचा एक दिवस गेला, सळई बांधणाऱ्या फिटरनेही तोंड वाकडं केलं. पण भूकंपात काटकोनी हूक उघडतात, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या कराडात अजून घरोघरी सांगतात. इथे रिंगेत सूट मी देणार नाही.

आमचं खरं चुकलं ते वेगळंच. तुम्हाला रोज साइटवर उभा राहणारा माणूस हवा होता. आम्ही लाइनआउट (जमिनीवरची आखणी), फुटिंग, प्लिंथ (जोतं) आणि स्लॅब भरायच्या आधी येतो, एवढंच. दोन गुंठ्यांचा सरळ चौकोनी प्लॉट, साधं दुमजली घर. अशा कामाला रोज चक्कर मारणारा, नगरपरिषदेचा परवाना असलेला स्थानिक सिव्हिल इंजिनिअर तुम्हाला जास्त सोयीचा पडला असता, कदाचित स्वस्तही. आरसीसी डिझाइन त्यालाही करून घ्यावंच लागलं असतं. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. काम हातचं जाईल म्हणून गप्प बसलो.

ठेकेदाराचा प्लॅन मात्र फुकट नसतो, चौरस फुटाच्या दरात तो आधीच बसवलेला असतो. वर त्याचं काम तपासणाराही मग तोच.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी आमच्यासकट कोणाकडेही जाताना नोंदणी क्रमांक मागावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे वास्तुकला परिषदेच्या नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही, आणि तो क्रमांक 'सीए'ने सुरू होतो. त्याने बांधलेलं एखादं घरही बघा, पण त्याला सोबत न नेता. घरमालकाला गाठून विचारा, पावसात कुठे गळतं का.

साहेब, जिन्याचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, दोनदा मारावं लागलं, त्याचा जादा खर्च आमच्याकडे लागतो. ठेकेदाराचं बिल घेऊन शनिवारी दुपारनंतर ऑफिसला या, मी असतो.