खुलासा: स्तनाच्या कॅन्सरचा वारसा फक्त आईकडूनच येत नाही

"स्तनाच्या कॅन्सरची हिस्ट्री घेताना आईकडचीच माणसं विचारा, वडिलांकडून हा आजार येत नाही," असा संदेश नर्सिंगच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांत असू शकतो. बीआरसीए १ हे १७व्या आणि बीआरसीए २ हे १३व्या गुणसूत्रावर असतं. लिंग-गुणसूत्रांशी त्यांचा संबंध नाही. दोष आईत असो वा वडिलांत, प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. बाप स्वतः ठणठणीत असू शकतो, म्हणूनच ती बाजू नजरेतून सुटते.

केसपेपरवर तीन पिढ्या लिहा: आजी, मावशी, मामा आणि तितक्याच नेटाने आत्या, काका, चुलत भावंडं. कोणता अवयव, कितव्या वर्षी निदान, हेही. "पोटाचा कॅन्सर" एवढ्यावर थांबू नका. तो अंडाशयाचा असू शकतो, जुने रिपोर्ट मागवा. पुरुषाचा स्तनाचा, प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा कॅन्सरही नोंदवा. "घरात कुणाला?" असं विचारलं तर विवाहित बाई सासरचं सांगू शकते, तेव्हा "माहेरी, रक्ताच्या नात्यात" असंच विचारा.

या जनुकांची तपासणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी. कुटुंबातला दोष माहीत नसताना निरोगी बहिणीचा निगेटिव्ह रिपोर्ट फारसं काही सांगत नाही. दुसऱ्याची अस्थिमज्जा (बोन मॅरो) घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात दात्याचा डीएनए येतो. तिथे त्वचेचा नमुना लागतो, ही नोंद फॉर्मवर हवीच.