क्रुपवरचा कटाचा आरोप टिकला नाही ते बरोबरच झालं

कुठेही युद्ध पेटलं की 'शस्त्रं बनवणाऱ्या शेठजींना आधी पिंजऱ्यात उभं करा' असं कोणीतरी म्हणतंच. मलाही ते ऐकायला आवडतं. पण हे एकदा करून झालंय, आणि त्याचं पुढे काय झालं ते सहसा कोणी सांगत नाही.

१९४५ मध्ये नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात, जर्मनीतल्या एसेनच्या क्रुप या पोलाद आणि तोफांच्या कारखान्याचा प्रमुख राहिलेला गुस्ताव क्रुप आरोपी होता. पण तो अंथरुणाला खिळलेला, भान हरपलेला म्हातारा. मग फिर्यादी पक्षाचं म्हणणं, बाप नाही तर मुलगा आल्फ्रीड द्या! न्यायाधीशांनी साफ नकार दिला. आडनावावर खटला चालत नाही.

आल्फ्रीडची पाळी डिसेंबर १९४७ मध्ये आली. सोबत कंपनीचे अकरा अधिकारी, समोर अमेरिकन न्यायाधीश. आरोप चार: शांततेविरुद्धचा गुन्हा म्हणजे आक्रमक युद्ध, जिंकलेल्या देशांतली लूट, गुलाम मजूर राबवणं आणि कट. दोस्त राष्ट्रांच्या दहाव्या क्रमांकाच्या कायद्यात तर उद्योगात, अर्थव्यवहारात उच्च पदावर असलेल्यांनाही शांततेविरुद्धच्या गुन्ह्यात धरायची सोय मुद्दाम केलेली होती. तरीही ५ एप्रिल १९४८ ला, बचाव पक्षाची बाजू सुरू व्हायच्या आतच, पहिला आणि चौथा आरोप न्यायाधीशांनी फेटाळला. आय. जी. फार्बेन या जर्मन रसायन कंपनीच्या खटल्यातही या दोन आरोपांतून सगळेच सुटले.

'पैसेवाले सुटतातच' हे यावरचं ठरलेलं वाक्य. मला ते पटत नाही. २० फेब्रुवारी १९३३ ची बैठक घ्या. नाझी नेता गोरिंगच्या घरी हिटलर उद्योगपतींपुढे बोलला, निवडणूक दोन आठवड्यांवर होती, आणि पुढे हिटलरचा अर्थमंत्री झालेल्या शाख्तने पक्षासाठी तीस लाख मार्क मागितले. गुस्ताव तिथे होता. एकट्या फार्बेनचे चार लाख. वाचताना किळस येते. पण त्या देणगीवरून सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर चालून जायचा बेत या लोकांना ठाऊक होता, हे सिद्ध होतं का? कट म्हटलं की ठरलेला बेत दाखवावा लागतो, आणि त्यात आरोपीचा हातही. तोफा विकल्या एवढ्यावर तो सिद्ध होत असता तर ब्रिटनच्या बर्मिंगहॅमपासून अमेरिकेच्या पिट्सबर्गपर्यंत एकही कारखानदार सुरक्षित नव्हता. (अमेरिकन न्यायाधीशांच्या मनात हे आलंच नसेल, असं मी म्हणणार नाही.) खुद्द शाख्तही मुख्य खटल्यात १९४६ मध्ये सुटला होता, कारण नुसती शस्त्रसज्जता हा गुन्हा धरला गेला नाही.

फ्रेंचांनी मात्र हे करून दाखवलं. जर्मनीच्या सार प्रांतातला पोलादसम्राट हेर्मान रोखलिंगला रास्टाटच्या न्यायालयाने जून १९४८ मध्ये आक्रमक युद्धासाठी दोषी धरलं, सात वर्षं दिली. जानेवारी १९४९ मध्ये अपिलात तो ठपका पुसला गेला, पण शिक्षा वाढून दहा वर्षं झाली, लूट आणि वेठबिगारीसाठी! मला हा निकाल फार आवडतो. जे सिद्ध होतं, त्याची किंमत वाढवा.

आणि क्रुपचं सिद्ध झालेलं होतंच. परदेशी मजूर, युद्धकैदी, १९४४ मध्ये एसेनला आणलेल्या पाचशेवर हंगेरियन ज्यू स्त्रिया. जुलै १९४८ मध्ये आल्फ्रीडला बारा वर्षं कैद आणि सगळी मालमत्ता जप्त. इथपर्यंत न्यायालयाचं काम चोख.

मग कोरियात युद्ध पेटलं आणि पश्चिम जर्मनी हवीहवीशी झाली. ३१ जानेवारी १९५१ ला जर्मनीतला अमेरिकन उच्चायुक्त जॉन मॅक्लॉयने शिक्षा कमी केली, जप्ती रद्द केली. चारच दिवसांत आल्फ्रीड लान्ड्सबेर्गच्या तुरुंगाबाहेर, कारखान्यासकट. पुढे त्याच कंपनीने डेमाग या दुसऱ्या जर्मन कंपनीसोबत आपल्या राऊरकेल्याचा पोलाद कारखाना उभारला. क्रुपचं नाव पिंपरीतही वर्षानुवर्षं होतं. तिथल्या कामगारांचा यात काय दोष, पण तो पैसा आणि ते नाव बुडालं नाही हे खरं.

म्हणून माझा राग एप्रिल १९४८ च्या न्यायाधीशांवर नाही, जानेवारी १९५१ च्या त्या सहीवर आहे. न्यायाधीशांनी निदान पुरावा मागितला होता. मॅक्लॉयने सिद्ध झालेला गुन्हा हलका केला, आणि त्यासाठी कुणाला कटाच्या व्याख्येत शिरावं लागलं नाही. १९५९ मध्ये क्रुपने ज्यू वेठबिगारांसाठी भरपाई कबूल केली. ठरली होती माणशी पाच हजार मार्क. दावेदार जास्त निघाले, तर तीही पुढे कमी झाली.