जुन्या गेम्सवर पांघरूण घालू नका

जुना गेम नव्या रूपात येतोय अशी बातमी आली की ट्रेलरखाली लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मूळ कलाकृतीला हात लावायचा नाही. दुसरा म्हणतो, आजच्या काळात हे चालणार नाही, काढून टाका. मला दोन्ही पटत नाही. जे लोकांना दुखावणारं आहे ते एकतर आहे तसं, सांगून-सवरून समोर ठेवावं, नाहीतर नीट विचार करून नव्याने लिहावं. पण गुपचूप झाकपाक करून मोकळं व्हायचं, हा जो प्रकार चाललाय त्याचा मला मनापासून राग येतो.

आधी 'मूळ'वाल्यांबद्दल. 'पेपर मारिओ: द थाउजंड-इयर डोर' हा गेम २००४ साली आला. त्यात व्हिव्हियन नावाचं पात्र आहे. जपानी आवृत्तीत तिची थोरली बहीण तिला हिणवते, की तू कसली बहीण, तू तर पुरुष आहेस. व्हिव्हियन मात्र स्वतःला मुलगीच मानते. इंग्रजीत आणताना ही अख्खी बाजू गाळली आणि तिथे दिसण्यावरून मारलेले टोमणे आले. इंग्रजीतून खेळणाऱ्यांनी तेच मूळ मानलं. २०२४ च्या नव्या आवृत्तीत व्हिव्हियन इंग्रजीतही सांगते, की आपण भाऊ नसून बहीण आहोत हे उमगायला तिला वेळ लागला. त्यावर गलका झाला, आजकालचं राजकारण गेममध्ये घुसवलं म्हणून. अहो, घुसवलं कुठे? वीस वर्षांपूर्वी ज्याला कात्री लावली होती ते परत जागेवर ठेवलं! तेव्हा मूळ मूळ म्हणून छाती पिटण्याआधी ते मूळ कुणाच्या हातून आपल्यापर्यंत आलं, हे तरी बघावं.

आता काढून टाकणाऱ्यांबद्दल. २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड या गेम कंपनीवर लैंगिक छळ आणि भेदभावाचा दावा दाखल केला. पुढच्या काही महिन्यांत तिच्याच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या गेममधलं पहुडलेल्या एका बाईचं चित्र गेलं आणि त्या जागी फळांनी भरलेला वाडगा आला. ज्या बायकांनी तिथे काम करताना सोसलं, त्यांना त्या वाडग्याने काय मिळालं? तक्रार चित्राची नव्हती, वागणुकीची होती. कॅनव्हास बदलायला एक दुपार पुरते. वागणूक बदलायला माणसं बदलावी लागतात, पगार बदलावे लागतात, तक्रार ऐकणारं कुणीतरी बसवावं लागतं.

सिनेमावाले यातून आधीच गेलेत. 'ई.टी.'च्या २००२ च्या आवृत्तीत सरकारी माणसांच्या हातातल्या बंदुका पुसून वॉकी-टॉकी दिले होते. पुढे दिग्दर्शक स्पीलबर्गनी स्वतःच जाहीरपणे सांगितलं की ती चूक होती, आणि २०१२ च्या ब्लू-रेमध्ये बंदुका परत आल्या. अमेरिकेतल्या गुलामगिरीला गोंजारणारा जुना सिनेमा 'गॉन विथ द विंड' जून २०२० मध्ये एचबीओ मॅक्सवरून उतरवला आणि त्याच महिन्यात परत चढवला, पण सुरुवातीला सिनेमाच्या अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांचं निवेदन जोडून. त्याच वर्षी डिस्नेने काही जुन्या चित्रपटांआधी ठळक सूचना लावली: लोकांचं हे साचेबद्ध चित्रण तेव्हाही चुकीचं होतं आणि आजही चुकीचं आहे. मला ही पद्धत मान्य आहे. चित्रपट तसाच राहतो, आणि पाहणाऱ्याला आपण काय पाहतोय ते आधी कळतं.

पण गेमला एवढं पुरत नाही. सिनेमात आपण बघतो, गेममध्ये आपण *करतो*. हा फरक चर्चेत कुणी फारसा धरत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे.

'पोर्तो रिको' हा २००२ चा बोर्ड गेम घ्या. कित्येक वर्षं जगभरच्या खेळाडूंच्या क्रमवारीत तो पहिला होता आणि रचना म्हणून आजही अव्वल आहे. तुमच्या पटावर ऊस, नीळ, तंबाखू, कॉफी, मका यांचे मळे असतात. नुसता मळा काही पिकवत नाही. जहाजातून लहान, गोल, तपकिरी चकत्या येतात, त्यातली एक उचलून मळ्यावर ठेवावी लागते, तेव्हा कुठे पीक. नियमांत या चकत्यांना वसाहतवाले म्हटलंय. बेट कॅरिबियनमधलं, मळे उसाचे, जहाजातून आलेली माणसं तपकिरी, त्यांना मजुरी नाही, त्यांच्या मर्जीचा प्रश्नच नाही. आणि त्या चकत्या उचलून मळ्यावर ठेवणारा हात आपला. इथे डब्यावर सूचना छापून काय होणार? गुलामगिरीचं नावही न घेता तिचा सगळा हिशेब खेळाडूकडून करून घेतला जातोय.

२०२२ मध्ये 'पोर्तो रिको १८९७' आला. त्या बेटावर गुलामगिरी १८७३ मध्ये संपली, म्हणून काळ त्यानंतरचा घेतला आणि मळ्यावर येणारी माणसं कामावर ठेवलेले मजूर झाली. मला हे निम्मंच पटतं. यंत्र तेच ठेवून तारीख पुढे सरकवली आहे. तरी सरकवलेली तारीख नावातच लिहिली, लपवली नाही, याचं श्रेय द्यायला हवं.

याहून खोल काम 'ओरेगन ट्रेल'मध्ये दिसतं. मूळ कॉम्प्युटर गेम १९७१ चा, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या तीन होतकरू शिक्षकांनी वर्गासाठी केलेला. गोऱ्या स्थलांतरितांची गाडी पश्चिमेकडे निघते आणि वाटेतली जमीन ज्यांची, ते लोक गोष्टीत नावापुरते. २०२१ च्या नव्या आवृत्तीसाठी मूळ रहिवाशांच्या इतिहासाचे तीन अभ्यासक सोबत घेतले. त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीतले संवाद बदलायला लावले, ठरावीक ढोल-बासरीचं संगीत काढायला लावलं, प्रत्येकाच्या हाती धनुष्यबाण कशाला असं विचारलं. आणि त्या समाजातली माणसं खेळाडूला स्वतः घेता येतील अशी पात्रं झाली. याला म्हणतात दुरुस्ती.

तसंच 'फायनल फँटसी ७' चं. १९९७ च्या मूळ गेममध्ये नायक क्लाऊडला बाईच्या वेशात एका गुंडाच्या वाड्यात शिरावं लागतं, आणि त्या सगळ्या भागात पुरुषाने पुरुषाच्या जवळ येणं म्हणजे किळस आणि हशा. २०२० च्या रिमेकला तो प्रसंग सरळ कापता आला असता, कुणी अडवलं नसतं. त्यांनी तो उलट मोठा केला. मंच, दिवे, आंद्रेया नावाचा नर्तक आणि त्याच्यासोबत क्लाऊडचा झकास नाच. नाच संपल्यावर आंद्रेया त्याला सजवतो आणि सांगतो की सौंदर्याला लाज नसते आणि ते बाई-पुरुष पाहत नाही. वेशांतर तेच, गंमत तीच, फक्त आता हसण्यासाठी कुणाला खाली पाडावं लागत नाही. मला तो प्रसंग मूळ प्रसंगापेक्षा सरस वाटतो, आणि हे मी मूळ गेमवर जीव असूनही म्हणतोय.

छोट्या बदलांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. 'मास इफेक्ट' या जुन्या गेम्सच्या २०२१ च्या संचात मिरांडा नावाचं पात्र गंभीर बोलत असताना तिच्या मागच्या बाजूवर रोखलेले काही कॅमेरे हलवले. बरं केलं. त्या कॅमेऱ्याने तिच्याच दुःखाचं हसं होत होतं.

खरी भीती मला वेगळीच आहे. नवं आलं की जुनं दुकानातून उठतं. 'जीटीए' म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो'च्या तीन जुन्या गेम्सची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तेव्हा मूळ तिन्ही ऑनलाइन विक्रीतून काढून टाकले होते. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं, तर तिथे प्रसिद्ध झालेले ८७ टक्के जुने गेम्स आज बाजारात मिळतच नाहीत. पुस्तकाची जुनी प्रत निदान रद्दीत सापडते. डिजिटल गेम रातोरात अपडेट होतो आणि आधी काय होतं हे दाखवायला हातात काहीच उरत नाही. उद्या एखाद्या विद्यार्थिनीला १९९० च्या दशकातल्या गेम्सनी बायकांना कसं दाखवलं यावर लिहायचं असेल, तर तिने काय फळांचे वाडगे मोजायचे?

म्हणून कंपन्यांकडे माझं मागणं साधं आहे. मूळ आवृत्ती नव्या खरेदीबरोबरच द्या. काय बदललं आणि का, याची यादी जाहीर करा, आणि त्या यादीत एखादं चित्र किंवा एखादी ओळसुद्धा सोडू नका. हे जमतं. 'जीटीए'च्या वेळी लोकांनी रान उठवलं आणि काही दिवसांतच कंपनीने जुने गेम्स परत आणण्याचं, नवी आवृत्ती घेतलेल्या पीसी ग्राहकांना ते फुकट देण्याचं जाहीर केलं. एखाद्या पात्राचे कपडे दोन इंच लांब झाले म्हणून आठवडाभर भांडणाऱ्यांनी तेवढाच जोर इथे लावावा. त्या भांडणात मी तुमच्या बाजूने असेन.