खुलासा: लिफ्टेड गाडीचा टायर घासतोय म्हणून स्पेसर लावू नका

ठाणे-नवी मुंबईत ऑफ-रोडवाल्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: लिफ्टनंतर (सस्पेन्शन बदलून गाडी उंच केल्यावर) टायर घासला की स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी जाड चकती, लावा. हे अर्धंच खरं आहे.

टायर आतल्या बाजूला, कंट्रोल आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा) किंवा चेसिसला घासत असेल तरच स्पेसरचा उपयोग. बंपर, लायनर (चाकावरचं आतलं प्लास्टिक अस्तर) किंवा फेंडरला (चाकावरचा बाहेरचा पत्रा) घासत असेल तर त्रास वाढतो, कारण चाक बाहेर गेलं की वळताना मोठ्या कमानीत फिरतं.

आधी लायनरला खडू फासा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढे-मागे चालवा, मग एक चाक रॅम्पवर चढवून पुन्हा तपासा. खडू पुसलेली जागाच उत्तर देते. फक्त पूर्ण वळणावर घासत असेल तर स्टिअरिंगचा स्टॉपर बोल्ट (चाक किती वळेल ते अडवणारा) फिरवून थोडा बाहेर आणा, म्हणजे चाक कमी वळेल. वळणाची त्रिज्या मात्र वाढेल. घोडबंदरच्या खड्ड्यांत घासत असेल तर उंच बंप स्टॉप (चाक वर येताना अडवणारा रबरी ठोकळा) हवा, कारण स्प्रिंग पूर्ण दबली की लिफ्ट असूनही चाक जुन्याच उंचीवर जातं.

जिम्नीसारख्या अखंड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर असलेल्या) गाडीत एकाच बाजूला घासतंय? लिफ्टमुळे पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला चेसिसशी जोडून मध्यावर ठेवणारा आडवा दांडा) अ‍ॅक्सल एका बाजूला खेचतो. अ‍ॅडजस्टेबल रॉड लावून अ‍ॅक्सल मध्यावर आणा, नंतर अलाइनमेंट करा.