कपलर टू कपलर बसतो, म्हणून सगळं चालतंच असं नाही

गाडीतला कंपनीचा टचस्क्रीन काढून बाजारातला अँड्रॉइड स्टिरिओ बसवण्याबद्दल एक मेसेज मुंबईत सोसायटीच्या आणि गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर सतत फिरतो. त्याचा आशय असा: काम कपलर टू कपलर होतं, म्हणजे गाडीच्या वायरींच्या टोकाच्या प्लगमध्येच (कपलरमध्ये) नवा स्टिरिओ अडकतो, एकही वायर कापावी लागत नाही. स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा आहे तसाच चालतो. 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज आणि 4×60 वॉटचा आवाज मिळतो. बॅटरीवर ताण येत नाही, तासाभरात गाडी परत मिळते आणि वॉरंटीला धक्का लागत नाही.

यातले काही मुद्दे काही गाड्यांपुरते खरे आहेत. पण मेसेजमध्ये गाडीचं मॉडेल नाही, साल नाही, व्हेरिएंट नाही, आणि या कामाचं उत्तर नेमकं त्या तीन गोष्टींवर ठरतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"कपलर टू कपलर, वायर कापायची गरजच नाही"

जुन्या पद्धतीच्या गाडीत, जिथे 180×100 मिलिमीटरचा साधा टू-डिन स्टिरिओ बसतो, हे बऱ्यापैकी खरं आहे. तिथे स्टिरिओला लागतं तरी काय? सतत येणारे 12 व्होल्ट (पिवळी वायर), चावी फिरवल्यावर येणारे 12 व्होल्ट (लाल), अर्थिंग (काळी), दिव्यांबरोबर स्क्रीन मंद करणारी नारिंगी आणि चार स्पीकरच्या आठ वायरी. गाडीच्या मॉडेलनुसार योग्य कपलर घेतला की काम होतं. इथे होणारी चूक म्हणजे पिवळी-लाल उलट लागणं. काही गाड्यांच्या कपलरमध्ये या दोघींच्या जागा बाजारातल्या कपलरच्या उलट असतात. मग चावी काढली की स्टिरिओ सगळी सेटिंग विसरतो, किंवा चावी काढूनही चालूच राहतो.

नवीन गाड्यांत मात्र कपलरमध्ये बसण्याचा आणि चालण्याचा संबंध तुटतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत स्टिरिओच्या कपलरवर चावीचे 12 व्होल्ट येतच नाहीत. चावी फिरली हा निरोप कॅनबसवरून, म्हणजे गाडीतली सगळी मॉड्यूल (वेगवेगळी कामं सांभाळणारी छोटी इलेक्ट्रॉनिक युनिट) एकमेकांशी बोलतात त्या दोन पिळलेल्या वायरींवरून जातो. बाजारातल्या स्टिरिओला तो निरोप कळावा म्हणून मध्ये कॅनबस बॉक्स लागतो, आणि तोही त्याच मॉडेलचा, त्याच सालाचा. बॉक्स नसला की लाल वायरीला करंट कुठून तरी जोडायचा, हा दुकानातला सोपा उपाय असतो. तो करंट फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसणारा, जास्तीची वायर काढून देणारा तुकडा) लावून घेतला तर ठीक. पण कोणी तो कॅनच्या वायरीतून चोरायचा प्रयत्न केला तर नुकसान मोठं आहे. या दोन वायरींवर निवांत अवस्थेत साधारण अडीच-अडीच व्होल्ट असतात. त्या एकमेकींना किंवा अर्थिंगला टेकल्या की त्या वायरींवरची सगळी मॉड्यूल गप्प होतात आणि मीटरवर एकामागून एक वॉर्निंगचे दिवे लागतात.

तपासायला 2 मिनिटं पुरतात. जुना स्क्रीन काढल्यावर, नवा जोडण्याआधी मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. चावी बंद असताना पिवळीच्या जागी 12.4 ते 12.7 व्होल्ट आणि लालच्या जागी शून्य हवं. चावी अ‍ॅक्सेसरीवर नेल्यावर लालच्या जागीही 12 यायला हवेत. कुठल्याच पिनवर चावीबरोबर व्होल्टेज बदलत नसेल तर गाडी कॅनवर बोलते आहे. बॉक्सशिवाय पुढे जाऊ नका.

त्याहून मोठी गोष्ट या मेसेजमध्ये कुठेच नाही. आजच्या गाडीतला स्क्रीन फक्त गाणी वाजवत नाही. काही गाड्यांत एसीचा पंखा आणि हवेची दिशा स्क्रीनवरूनच बदलते. ऑटो लॉक, हेडलॅम्प उशिरा विझणं, सर्व्हिसची आठवण, टायरमधली हवा, 360 अंशांचा कॅमेरा, मोबाइल अ‍ॅपवरून गाडी सुरू करणं यांतलं काहीही त्याच्यावर अवलंबून असू शकतं. जुलै 2019 पासून नवीन गाडीत रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचा आहे. त्याची बीप काही गाड्यांत मीटरमधून येते, काहींत स्क्रीनमार्फत. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत स्क्रीन काढला की सेन्सर बंपरमध्ये तसाच राहतो आणि आवाज मात्र जातो. गल्लीत मागे घेताना हे कळणं फार उशिराचं आहे.

यासाठी पैसा खर्च न करता करता येईल अशी एक चाचणी आहे. मालकाच्या पुस्तिकेत ऑडिओचा किंवा रेडिओचा फ्यूज शोधा, त्याच फ्यूजवर आणखी काय चालतं तेही बघा, आणि तो काढून एक दिवस गाडी चालवा. जे जे बंद पडलं त्याची यादी करा. दुकानदाराला विचारायचा प्रश्न "बसेल का?" हा नाही. ती यादी पुढे ठेवून "यातलं काय काय चालेल, बिलावर लिहून द्याल का?" हा आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर असो की लॅमिंग्टन रोडवर, जाणकार फिटर या प्रश्नाला सरळ उत्तर देतो.

"स्टिअरिंगची बटणं आणि कॅमेरा तसाच चालतो"

बटणांचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक बटण वेगळ्या किमतीचा रेझिस्टर जोडतं आणि एकाच वायरीवर वेगवेगळं व्होल्टेज येतं. ही वायर नव्या स्टिरिओच्या की-1 नावाच्या वायरीला लावायची, सेटिंगमध्ये लर्निंग सुरू करायचं आणि एकेक बटण दाबून शिकवायचं. दोन बटणं एकच काम करायला लागली तर बहुतेकदा स्टिअरिंगच्या बटणांची अर्थिंग जोडलेली नसते, किंवा त्यांतल्या दोघांची व्होल्टेजं स्टिरिओला वेगळी ओळखता येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात बटणं कॅनवरून बोलतात. तिथे कॅनबस बॉक्स आणि स्टिरिओच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये त्याचा अचूक प्रोटोकॉल (संदेशांची भाषा) निवडणं, दोन्ही लागतं.

कॅमेऱ्याचं गणित आणखी नाजूक. कंपनीचा कॅमेरा साधा अ‍ॅनालॉग, एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा अ‍ॅनालॉग) किंवा पूर्ण डिजिटल असू शकतो. डिजिटल असेल तर बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंवर तो दिसतच नाही, नवा कॅमेरा लावावा लागतो. चित्र काळं-पांढरं किंवा वर-खाली लोळताना दिसलं तर बहुतेकदा कॅमेरा बिघडलेला नसतो, सेटिंगमधला फॉरमॅट चुकलेला असतो. आणि व्होल्टेज मोजल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू नये. टोयोटाच्या काही गाड्यांत कॅमेऱ्याला 6 व्होल्ट मिळतात. त्याला थेट 12 दिले की तो जळतो. मध्ये 12 चे 6 करणारं छोटं मॉड्यूल घाला. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या रेषा बहुधा जातात, कारण स्टिअरिंगचा कोन कॅनवरून येतो.

डिलिव्हरी घेताना एक चाचणी कराच. गाडी किमान अर्धा तास बंद ठेवा, सुरू करून लगेच रिव्हर्स टाका. 2-3 सेकंदांत चित्र आलं पाहिजे. अँड्रॉइड पूर्ण सुरू होईपर्यंत काळा स्क्रीन दाखवणारं युनिट घेऊ नका.

"4 जीबी, 64 जीबी, 4×60 वॉट"

वॉटचा हिशोब कागदावर करता येतो. इंजिन चालू असताना 14.4 व्होल्ट असतात आणि स्पीकर 4 ओहमचा. स्टिरिओच्या आतल्या साध्या अ‍ॅम्प्लिफायर चिपला त्यातून आवाज न फाटता जास्तीत जास्त 14.4×14.4÷8, म्हणजे सुमारे 26 वॉट काढता येतात, प्रत्यक्षात 18 ते 20. शिवाय स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघा. तो 10 अँपिअरचा असेल तर आत जाणारी शक्तीच 144 वॉट आहे, मग बाहेर 240 कुठून येणार? 15 चा असला तरी 216. आवाज वाढवायचा तर पैसा आधी दारांच्या डॅम्पिंगवर (पत्रा थरथरू नये म्हणून आत चिकटवायच्या शीटवर) आणि स्पीकरवर घाला.

रॅम आणि अँड्रॉइडची आवृत्ती स्वस्त युनिटमध्ये सर्रास खोटी दाखवली जाते. सेटिंगमधलं 'डिव्हाइसविषयी' हे पान बनवणाऱ्याच्या हातात असतं. दुकानातच सीपीयू-झेड हे हार्डवेअर तपासणारं अ‍ॅप टाकून बघा. अँड्रॉइड 13 असेल तर एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक, 33 दिसली पाहिजे. 29 दिसली तर ते अँड्रॉइड 10, आणि 27 दिसली तर 8.1. प्रोसेसर एमटीके 8227एल किंवा चार कॉर्टेक्स-ए7 कोरचा असेल, तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, नकाशा आणि गाणं एकत्र चालवताना तो अडखळणार. स्क्रीनचं रेझोल्यूशनही विचारा: 1024×600 आणि 1280×720 यांतला फरक नकाशावरची मराठी नावं वाचताना लगेच जाणवतो.

"बॅटरीवर ताण नाही"

बरीच अँड्रॉइड युनिट चावी काढल्यावर झोपतात, बंद होत नाहीत. म्हणूनच ती झटकन सुरू होतात. झोपेत काही मिलिअँपिअर घेणारं युनिट चांगलं. पण समजा ते 150 मिलिअँपिअर घेतंय. दिवसाला 3.6 अँपिअर-तास झाले. गणपतीला रेल्वेने गावी गेलात, गाडी 7 दिवस सोसायटीत उभी: 25 अँपिअर-तास संपले. छोट्या गाडीची बॅटरी 35 ची, तीही दोन-तीन वर्षं वापरलेली. परत आल्यावर स्टार्टर फिरणार नाही.

मोजायची रीत: बॉनेट उघडा ठेवा, दारं लॉक करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवून त्याच्यात मालिकेत जोडा, आणि गाडीची मॉड्यूल झोपायला अर्धा तास द्या. या काळात इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. 50 मिलिअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत राहा. जास्त दिसलं तर सेटिंगमध्ये झोपेची मुदत कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर पिवळी-लाल पुन्हा तपासा.

"तासाभरात काम"

जुना काढून नवा अडकवायला तासही लागत नाही. नीट बसवायला अर्धा दिवस लागतो, आणि घाई नेमकी पुढच्या कामांत होते. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढून 10 मिनिटं थांबायचं, कारण डॅशच्या मधल्या पॅनेलला बऱ्याच गाड्यांत पॅसेंजर एअरबॅगच्या दिव्याचा कपलर असतो. तो सुटलेला असताना इग्निशन लावली तर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि स्कॅनरशिवाय विझत नाही. पॅनेल प्लॅस्टिकच्या पट्टीने उचलायचं, स्क्रू ड्रायव्हरने नाही. माइकची वायर पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून नेणार असाल तर तिथे कर्टन एअरबॅग (खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) असू शकते. वायर तिच्या मागून जावी, वरून कधीच नाही.

जोड वायर पिळून काळी पीव्हीसी टेप गुंडाळलेले नकोत. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघडं तांबं काळं पडतं आणि उन्हात त्या टेपचा गोंद ओघळतो. दोन पावसाळ्यांत आवाज कधी येतो कधी जातो असं सुरू होतं. सोल्डर करून वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी), किंवा नीट क्रिम्प (धातूच्या टोपणात दाबून केलेला जोड), आणि सगळ्यावर कापडी टेप, म्हणजे खड्ड्यात डॅश खडखडणारही नाही. स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला अर्थ करायची नाही, अ‍ॅम्प्लिफायरची चिप जळते. एफएम खरखरत असेल तर अँटेनाची निळी वायर बघा. छपरावरच्या अँटेनात छोटा बूस्टर असतो आणि त्याला तिच्यातून 12 व्होल्ट लागतात.

"वॉरंटीला धक्का नाही"

स्टिरिओ बदलला म्हणून इंजिनाची वॉरंटी संपत नाही. पण कापलेल्या हार्नेसमुळे (गाडीच्या वायरींच्या जुडग्यामुळे) किंवा बाहेरच्या सुट्या भागामुळे झालेला इलेक्ट्रिकल बिघाड वॉरंटीत धरत नाहीत, आणि कापलेली वायर सर्व्हिस सेंटरला लगेच दिसते. म्हणून कपलर महाग असला तरी घ्या. विम्याचंही तसंच. नवा स्क्रीन पॉलिसीत इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून नोंदवला नसेल तर चोरीत किंवा पाण्यात गेल्यावर त्याचे पैसे मिळत नाहीत. नोंदणीचा दर किमतीच्या 4 टक्के, म्हणजे 20,000 रुपयांच्या स्क्रीनला वर्षाला 800 रुपये आणि वर कर.

बेस व्हेरिएंट, ज्यात स्क्रीनच नाही, किंवा 10-12 वर्षांची टू-डिन गाडी: आमचं मत बिनधास्त बसवा असं आहे, फायदा खरा आहे. एसी आणि गाडीची सेटिंग स्क्रीनवर असलेल्या गाडीला हात लावू नका. तिथे तक्रार फक्त कारप्लेला (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोयीला) वायर लागते एवढीच असेल तर यूएसबीत लावायचा वायरलेस डोंगल पुरतो. मधल्या गाड्यांसाठी ती फ्यूजची यादी. आणि काढलेला स्क्रीन कपलर, ब्रॅकेट, स्क्रूसकट खोक्यात भरून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना किंवा एखादं मॉड्यूल रुसल्यावर सर्व्हिस सेंटरवाले आधी तोच मागतात.