देवाची इच्छा दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका

आज उपासना संपल्यावर जे कानावर पडलं ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट मोठी होणार, वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे जा.

मुलांचं नाताळचं नाटक झालं, छोटे मेंढपाळ, छोटे देवदूत, सगळे टाळ्या वाजवत होते, आणि मागच्या बाकावर एकजण ओढणी तोंडाला लावून रडत होती. लग्नाला बरीच वर्षं झालीयेत, मूल नाही, सगळ्यांना माहीत आहे. तिच्याजवळ मंडळीतले एक वडीलधारे गेले. मला वाटलं डोक्यावर हात ठेवतील. तर म्हणाले, "अगं आनंदाचा सण आहे, आज काय रडायचं, देवाची इच्छा मान्य करायला शीक जरा." आणि गेले चहा प्यायला. ती "हो" म्हणाली, डोळे पुसले आणि हसायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न बघून माझं डोकंच फिरलं.

त्यांच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. पण मनात वाईट नसलेल्या माणसांनीच माझ्या ताईला वर्षानुवर्षं रडवलंय, त्यामुळे हे कारण मला पुरत नाही.

ताईबद्दल लिहू का असं तिला आत्ता फोन करून विचारलं. म्हणाली, लिही, नाव नको घालूस.

ताईला मूल हवं होतं. बस, एवढंच. त्यात तिची तिशी सगळी गेली. डॉक्टर, इंजेक्शनं, उपास, रात्रीच्या प्रार्थना. आणि वर्षातला सगळ्यात वाईट महिना कुठला, तर डिसेंबर. आपल्या लक्षातही येत नाही, पण आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, आपण जे वाचतो त्यात बायकांना दिवस जाण्याच्याच बातम्या आहेत. लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, पहिला अध्याय काढून बघा. मरीयेच्या नात्यातल्या अलीशिबेला उतारवयात दिवस गेले, मग देवदूत येशूची आई होणाऱ्या मरीयेकडे आला, मग मरीया घाईघाईने अलीशिबेला भेटायला गेली आणि अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली. वाचन तिथवर आलं की ताई उठून बाहेर जायची. पायरीवर बसून चपलेचा पट्टा सोडायची आणि परत लावायची, सोडायची आणि लावायची, गीत सुरू होईपर्यंत. आणि उपासना सुटली की कुणीतरी हमखास यायचं, "अलीशिबेला दिलं ना देवाने, तुलाही देईल बघ."

नाही दिलं.

मग जसजसं वय वाढत गेलं तसं वाक्य बदललं. "देईल"चं "देवाची इच्छा" झालं. माणसं तीच! आधी देवाच्या वतीने आश्वासन देत होते, मग देवाच्या वतीने नकार द्यायला लागले, आणि दोन्ही वेळा देवाने यांना काही सांगितलेलं नव्हतं.

मला सांगा, एखादी गोष्ट जीव तोडून हवी असणं हा अविश्वास कधीपासून झाला? बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकातली हन्ना आठवा. मूल नाही म्हणून मंदिरात रडत होती, ओठ हलतायत पण आवाज नाही, आणि एली याजकाला वाटलं ही बाई दारू पिऊन आलीये. याजकाला! रडणाऱ्या बाईला दटावणारा धार्मिक माणूस बायबलमध्ये आधीच आहे, आपण फक्त त्याची जागा चालवतोय. एलीला निदान खरं कळल्यावर त्याने तिला आशीर्वाद तरी दिला. आणि मरीयेचं गीत आपण नाताळात एवढ्या प्रेमाने वाचतो, गातो, त्याच्यामागे याच हन्नेचं गीत आहे, दोन्ही शेजारी ठेवून वाचा, लगेच कळेल. तिचं रडणं गाळून नाताळ होतच नाही.

आणि मरीया. तिने आधी विचारलं, हे कसं होणार? तिची मागणी झालेली होती, लग्नाआधी दिवस गेले तर काय होऊ शकतं हे तिला पक्कं माहीत होतं. एवढं सगळं समोर असताना ती म्हणाली, मी प्रभूची दासी, तुम्ही म्हणता तसं मला होवो. ती म्हणाली. तिची आई नाही, तिचा होणारा नवरा योसेफ नाही, तिच्या नासरेथ गावातला कुणी वडीलधारा नाही. एवढा मोठा देवदूत, पण तिच्या तोंडून होकार येईपर्यंत तोही गेला नाही. देवदूताने जे केलं नाही ते आपण चहाचा कप हातात धरून करतो.

प्रभू येशूने स्वतः काय केलं? पकडला जायच्या रात्री गेथशेमाने बागेत आधी मागितलं, हा प्याला, म्हणजे समोरचं मरण, टळू दे. मग म्हणाला, माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो की त्याने तीनदा प्रार्थना केली, तेच शब्द परत परत. ज्याला काही हवंच नाही त्याने "तुझी इच्छा" म्हणण्यात काय विशेष?

कुणीतरी खाली लिहिणारच की प्रेषित पौलाने सदा आनंद करा असं सांगितलंय. सांगितलंय, नाही म्हणत नाही. पण तुरुंगात स्वतःच्या साखळ्या असताना सांगितलंय, दुसऱ्याच्या साखळ्या बघून नाही. आणि त्याच पौलाने रोमकरांना लिहिलंय, रडणाऱ्यांबरोबर रडा. तेही वाचत जा की.

ताईकडे परत येते. एका नाताळच्या आदल्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर ती स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसलेली, मांडीवर हॉस्पिटलची फाईल. कोपरे झिजून कापडासारखे मऊ झाले होते त्या फाईलचे. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मी देवाला आत्ता सांगितलं, मला अजून हवंय. हे कधी जाईल असं वाटत नाही. आणि हेही सांगितलं की आता उपचार बंद." मी विचारलं, मग देव काय म्हणाला? म्हणाली, "काही नाही."

हे लिहिताना राग जरा उतरलाय. कारण पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या वहिनीला तेव्हा मुलगी झाली होती आणि ताईने तिला बघितलंही नव्हतं. जमतच नव्हतं तिला. वहिनीचा फोन उचलायची नाही. आम्ही कुणी तिला बोललो नाही, बोलायची सोयच नव्हती. नाताळच्या सकाळी तिने आपणहून फोन लावला, "वहिनी, येतेय मी आज." गेली. बाळाला घेतलं. रिक्षात परत येताना रडली, घरी आल्यावर रडली, आणि पुढच्या आठवड्यात परत गेली.

मी ज्याला देवाच्या इच्छेने चालणं म्हणते ते हे. ताईला मूल नसावं ही देवाची इच्छा होती का? मला माहीत नाही, आणि ठामपणे सांगणाऱ्या कुणालाही माहीत नाही. पण वहिनीवर प्रेम करावं, तुटलेलं जोडावं, ही देवाची इच्छा आहे हे तर लहान मुलालाही माहीत आहे, आणि ताईने ती निवडली, आतून नको नको होत असताना निवडली. योसेफाचंही तेच ना. त्याचीही काही स्वप्नं असतीलच, साधा संसार, स्वतःचं पहिलं मूल. स्वप्नात देवदूताने त्याला सगळं पुढचं आयुष्य उलगडून दाखवलं नाही, मरीयेला घरी आण आणि बाळाचं नाव येशू ठेव, एवढंच करायला सांगितलं. तो उठला आणि ते केलं. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एक शब्द नाही.

काहीजण आपली इच्छा कवटाळून बसतात आणि कडू होत जातात, हेही खरं आहे, पाहिलंय मी. पण त्यांनाही दटावून कुणी गोड झालेलं नाही पाहिलं. आणि दुसऱ्या टोकाचे ते मेसेज, "या नाताळात तुमच्या सगळ्या इच्छा पूर्ण होवोत," प्लीज मला पाठवू नका. मंदिरात शिमोन नावाच्या भक्ताने बाळ येशूला हातात घेतलं, देवाचा धन्यवाद केला, आणि त्याच दमात मरीयेला सांगितलं की तुझ्या जिवातून तलवार जाईल. बाळ अजून तान्हं होतं.

आता मागणी. मंडळीत वाचनं ठरवणाऱ्यांनो, मत्तयाचा दुसरा अध्याय आपण दरवर्षी पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, भेटी देऊन गेले की बंद करतो. पुढे हेरोद राजा बेथलेहेमातली मुलं मारतो आणि इस्राएलची आद्य माता राहेल आपल्या मुलांसाठी रडते, कुणी समजूत घातलेली तिला नको असते, आणि मत्तय तिला गप्प करत नाही. हे नाताळच्याच गोष्टीत आहे, बाहेरचं नाही. या वर्षी अठराव्या वचनापर्यंत वाचा. वाचायला कुणी नसेल तर ताई वाचेल, फोनवर तेही विचारून घेतलंय.