संबंधानंतर जळजळ होते, हे डॉक्टरांना सांगा

वर्षातून तीन-चार वेळा युरिन इन्फेक्शन होणाऱ्या कितीतरी बायका माझ्या ओळखीत आहेत. प्रत्येकीचं सारखंच. धने-जिऱ्याचं पाणी, मग मेडिकलमधून मागच्याच गोळ्या, दोन दिवस बरं, आणि महिन्याभरात पुन्हा जळजळ. यातल्या बऱ्याच जणींना मनातून ठाऊक असतं की नवऱ्याशी संबंध आला की एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो. पण डॉक्टरांसमोर त्या हे बोलत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. मला याचा फार राग येतो, कारण उपचार याच माहितीवर ठरतो.

मी स्वतः यातून गेले आहे. जळजळ सोसता येते हो, पण नवऱ्याने प्रेमाने जवळ घेतलं तरी अंग आक्रसायला लागतं, ते सोसवत नाही. त्याला वाटतं, ही मला टाळतेय. आपल्याला वाटतं, आता हे कोणत्या तोंडाने सांगू?

सांगायला लाज वाटावी असं यात काहीच नाही. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर असते, पुरुषाची साधारण २०. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू गुदद्वाराच्या आसपास असतोच. संबंधाच्या वेळी तो पुढे सरकतो आणि एवढंसं अंतर कापून मूत्राशयात पोचतो. हा गुप्तरोग नव्हे. नवऱ्याने बाहेरून काही आणलेलं नसतं आणि बायको अस्वच्छ असते असंही नाही. उलट सुगंधी वॉशने आतून धुण्यामुळे योनीतले आपले रक्षण करणारे जंतू कमी होतात. शुक्रजंतूनाशक क्रीम किंवा ते लावलेले कंडोम वापरत असाल तर तेही बदला, त्यांनीही हा त्रास वाढतो.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं, तर त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात. अशा वेळी अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून बघायची तपासणी, करायला द्या. आपल्याकडे अनेक नेहमीच्या गोळ्यांना ई. कोलाय दाद देईनासा झाला आहे. कोणती गोळी चालेल ते कल्चरच्या रिपोर्टवरूनच कळतं.

पाण्याचं म्हणाल तर ते खरंच औषध आहे. बल्गेरियात कमी पाणी पिणाऱ्या १४० बायकांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी जास्त पिणाऱ्या गटात वर्षभरात सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, दुसऱ्या गटात ३.२ वेळा. पण दिवसभर बाहेर असणारी आपली बाई पाणी पिते कुठे? स्वच्छ संडास मिळणार नाही म्हणून ती सकाळपासून घोटभर पाण्यावर राहते. मुंबईत बायकांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ सुरू केली ती उगाच नाही.

संबंधानंतर लगेच लघवीला जावं, याला भक्कम पुरावा नाही, पण तोटाही नाही, मी जातेच. क्रॅनबेरीचा काही जणींना उपयोग होतो, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात तसं दिसलं. डी-मॅनोज या साखरेसारख्या पावडरीवर मात्र पैसे घालवू नका. ब्रिटनमधल्या ५९८ बायकांच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

एवढं करूनही थांबलं नाही, तर संबंधानंतर घ्यायचा अँटिबायोटिकचा एकच छोटा डोस डॉक्टर देऊ शकतात. रोज गोळी घेण्यापेक्षा औषध कितीतरी कमी पोटात जातं. मेथेनामाइन नावाचं, अँटिबायोटिक नसलेलं औषधही आहे. पण त्रास संबंधानंतर होतो हे डॉक्टरांना कळलंच नाही, तर तो डोस ते सुचवणार कसे? म्हणून नवऱ्यालाही सोबत न्या. दोघांनी एकत्र ऐकलं की घरातला निम्मा गैरसमज तिथेच मिटतो. थंडी वाजून ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी जा. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

आणि पाळी गेलेल्या मैत्रिणींनो, तुम्हाला तर कुणी विचारतच नाही. पन्नाशीनंतर कसले आलेत संबंध, असं सगळे धरून चालतात. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंध दुखतात आणि इन्फेक्शनही वाढतं. योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने दोन्ही त्रास कमी होतात. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा, बाकीच्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे या क्रीमचं नाव घेऊनच विषय काढा.